बास्केटबॉलचा ऑल टाइम ग्रेट कोण? सकाळच्या ग्राउंडवर परत परत विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला सकाळी सिमेंटच्या कोर्टवर आम्ही काही जण खेळतो, पोरं म्हणायचं म्हणून पोरं, निम्म्या लोकांचे गुडघे कधीच गेलेत. खेळ झाला की चहा, आणि चहा आला की मायकेल जॉर्डन का लेब्रॉन जेम्स, अमेरिकेच्या एनबीए लीगमधला आजवरचा सगळ्यात भारी कोण. नवीन कोण आला की सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं, तेच प्रश्न, तेच आवाज चढवणं, आणि चहावाला वैतागून स्टोव्ह बंद करतो. म्हणून एकदाचं लिहून काढलंय. उत्तरं माझी आहेत, ग्राउंडवरच्या सगळ्यांना मान्य आहेत असं समजू नका.

प्र. फिरवाफिरवी नको, तुझा एक नंबर कोण ते सांग.

जॉर्डन. मग करीम अब्दुल-जब्बार, मग लेब्रॉन, मग बिल रसेल. हो, करीम लेब्रॉनच्या वर, खाली त्याचं सविस्तर लिहिलंय, तिथं येऊन शिव्या द्या. पाचवा मॅजिक जॉन्सन. सहा ते दहा मी दर आठवड्याला बदलतो पण नावं साधारण तीच, टिम डंकन, विल्ट चेंबरलेन, लॅरी बर्ड, शकील ओनील, हकीम ओलाजुवान.

प्र. पण हे ठरवायचं कशावरून?

खरं भांडण इथंच आहे आणि नेमकं हेच कोण बोलत नाही. एक जण म्हणतो सगळ्यात वरच्या फॉर्मात कोण सगळ्यात भारी होता ते बघा, दुसरा म्हणतो किती वर्षं भारी राहिला ते बघा, तिसरा रिंग, म्हणजे जिंकलेल्या चॅम्पियनशिप, मोजतो, चौथा म्हणतो त्याच्यामुळं खेळ बदलला का, आणि चौघं एकाच नावावर भांडत बसतात. फॉर्मचा कळस धरला तर जॉर्डन. टिकणं धरलं तर लेब्रॉन नाहीतर करीम. रिंग धरल्या तर रसेल, तिथं चर्चाच नाही. नुसते आकडे धरले तर विल्ट. खेळ बदलणं धरलं तर स्टीफन करीच्या बाजूनं बोलता येतं. म्हणजे तुम्ही कुठली कसोटी लावताय ते आधी सांगितलंत तर नाव आपोआप कळतं, आणि मग नावावर नाही, कसोटीवर भांडता येतं, ते जरा शहाण्यासारखं भांडण होतं.

माझी एकच अट असते. सुरुवातीला जी कसोटी धरली ती शेवटपर्यंत धरायची. जॉर्डनसाठी सहा रिंग सांगायच्या, आणि समोरच्यानं रसेलच्या अकरा काढल्या की लगेच 'रिंग म्हणजे सगळं नसतं भावा', हे चालणार नाही.

प्र. क्रिकेटमध्ये ब्रॅडमन म्हटलं की विषय संपतो, इथं तसं का होत नाही?

कारण ९९.९४ सारखा आकडा बास्केटबॉलमध्ये कोणाकडंच नाही. ब्रॅडमन आणि त्याच्या मागचा यांच्यात इतकं अंतर आहे की बोलायला जागाच उरत नाही. (आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी त्याच ब्रॅडमनच्या टीमविरुद्ध १९४८ ला अॅडलेडला एकाच टेस्टच्या दोन्ही डावांत शतकं मारली होती, हे इथं सांगायची गरज नाही पण सांगणारच.) बास्केटबॉलमध्ये मॅचमागं सरासरी पॉइंटच्या यादीत जॉर्डन पहिला, ३०.१२, आणि विल्ट दुसरा, ३०.०७. चिमूटभर फरक. शिवाय हा पाच जणांचा खेळ, एकट्याचं किती आणि टीमचं किती हे सोडवता सोडवता दुपार होते.

प्र. रिंग मोजायच्या का नाही?

मोजायच्या, पण कोणी कशी जिंकली ते बघून. नुसत्या मोजल्या तर रॉबर्ट हॉरीकडं सात आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि हॉरी जॉर्डनपेक्षा भारी असं हॉरीच्या घरचेसुद्धा म्हणणार नाहीत. सॅम जोन्सकडं दहा आहेत, नाव ऐकलंय का किती जणांनी?

रसेलची गोष्ट वेगळी. १३ सीझन, ११ चॅम्पियनशिप, त्यातल्या १९५९ ते १९६६ सलग आठ. शेवटच्या दोन, १९६८ आणि १९६९, तर स्वतःच कोच आणि स्वतःच खेळाडू. सातव्या, म्हणजे निर्णायक मॅचपर्यंत गेलेल्या सीरीजमध्ये त्याचा रेकॉर्ड दहापैकी दहा. लोक म्हणतात तेव्हा आठ-नऊच टीम होत्या, खरंय, दोन सीरीज जिंकल्या की चॅम्पियन. पण आठच टीम म्हणजे आत्ताच्या तीस टीममधले चांगले खेळाडू आठ टीममध्ये कोंबल्यासारखं, दर दोन दिवसांनी समोर कोणीतरी तगडा. दुसरी बाजू पण आहे, त्या काळात टीम काळ्या खेळाडूंना मोजूनमापून जागा द्यायच्या, त्यामुळं कितीतरी चांगली माणसं लीगमध्ये आलीच नाहीत. आणि हाच रसेल १९६१ ला केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये हॉटेलात काळ्या खेळाडूंना खायला द्यायला नकार दिला म्हणून सहकाऱ्यांबरोबर मॅच न खेळता परत गेला होता. असल्या वातावरणात अकरा. फायनल्सच्या एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या, बक्षिसाला आज त्याचं नाव आहे, पण त्याला स्वतःला ते कधी मिळालं नाही, कारण ते सुरूच झालं त्याच्या शेवटच्या वर्षी, १९६९ ला, आणि तेव्हा दिलं जेरी वेस्टला, हरलेल्या टीमच्या माणसाला. नशीब बघा.

प्र. जॉर्डन फायनल्समध्ये ६-०, लेब्रॉन ४-६. विषय संपला ना?

नाही संपला, आणि जॉर्डन माझा एक नंबर असून सांगतोय. या हिशोबानं फायनलला जाऊन हरणं हे पहिल्या राउंडला घरी जाण्यापेक्षा वाईट ठरतं, हे कुठलं गणित? जॉर्डन १९८५, ८६, ८७ ला पहिल्याच राउंडला बाहेर, १९८८, ८९, ९० ला डेट्रॉइट पिस्टन्सनी त्याला अडवलं, ते हरणं कोण मोजत नाही कारण ते फायनलच्या आधी झालं. लेब्रॉननं २००७ ला जी क्लीव्हलँडची टीम फायनलला नेली तिच्यातली बाकीची चार नावं तुम्ही न बघता सांगून दाखवा, चहा माझ्याकडून. तिथं सॅन अँटोनियो स्पर्सनी ४-० धुतलं आणि ते लेब्रॉनच्या खात्यावर हरणं म्हणून लागलं.

पण २०११ ची डॅलसविरुद्धची फायनल मात्र लेब्रॉनच्याच खात्यावर, तिथं कारण देऊ नका. वेड आणि बॉशसारखे स्टार सहकारी बरोबर, हातात सगळं असताना महत्त्वाच्या वेळी तो दिसलाच नाही. जॉर्डनची अशी एक पण फायनल सापडत नाही, आणि माझ्या यादीत तो वर आहे त्याचं मोठं कारण हेच.

प्र. जोडीदार स्कॉटी पिपेन नसता तर जॉर्डन काही जिंकला असता का?

नसता बहुतेक. पिपेन नसताना त्याची एक पण रिंग नाही. १९८६ ला बोस्टनविरुद्ध प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) ६३ पॉइंट मारले, आजपर्यंत रेकॉर्ड आहे, आणि ती मॅच हरली, सीरीज ३-० हरली. उलट १९९३ ला जॉर्डन रिटायर होऊन बेसबॉल खेळायला गेला तेव्हा त्यांच्याच टीमनं, पिपेनच्या शिकागो बुल्सनी, ५५ मॅच जिंकल्या, आदल्या वर्षी जॉर्डनसकट ५७ होत्या. जॉर्डनवाल्यांना हा आकडा सांगितला की ते पाणी प्यायला उठतात.

तरी पण. मॅजिककडं करीम होता, बर्डकडं मॅकहेल, लेब्रॉनकडं वेड आणि मग कायरी अर्विंग, एकट्यानं कोण जिंकलंय? त्या ५५ वाल्या बुल्सना दुसऱ्या राउंडला न्यूयॉर्कनी बाहेर काढलं. ५५ आणि चॅम्पियन यांच्यातला फरक तो जॉर्डन.

प्र. जॉर्डनची एकच गोष्ट सांगायची तर कुठली?

सगळे १९९८ च्या फायनलची सहावी मॅच सांगतील, मी पण सांगतो, कारण त्यात फक्त शेवटचा शॉट बघतात लोक आणि त्याच्या आधीचं सोडतात. युटा तीननं पुढं, मिनिटभर पण उरलेलं नाही. जॉर्डन आत घुसून दोन टाकतो, आता एकनं मागं. मग परत येताना कार्ल मलोनकडं बॉल येतो, आणि जॉर्डन त्याचा माणूस सोडून मागच्या बाजूनं येतो आणि मलोनच्या हातातून बॉल काढून घेतो, मलोनला तो दिसलाच नाही. टाइमआउट नाही, काही नाही, तसाच चालत पुढं जातो, युटाचा ब्रायन रसेल समोर, उजवीकडं एक झटका, रसेल घसरतो, आणि शॉट. ५.२ सेकंद शिल्लक. ८७-८६. त्याचे ४५ पॉइंट. जॉर्डननं त्याला हातानं ढकललं का नाही यावर वेगळं भांडण आहे, ते पुढच्या रविवारी करू. मला त्यातली चोरी जास्त आवडते, कारण लोक विसरतात की हा माणूस १९८८ ला एकाच वर्षी एमव्हीपी, सगळ्यात जास्त स्कोर करणारा आणि वर्षाचा सर्वोत्तम डिफेंडर असं तिन्ही होता.

प्र. मग लेब्रॉनच्या बाजूनं सगळ्यात जोरदार मुद्दा कुठला?

२०१६. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्या वर्षी ७३ मॅच जिंकल्या होत्या, रेकॉर्ड, आणि फायनलमध्ये लेब्रॉनच्या क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ नं पुढं, तिथून फायनलमध्ये तोपर्यंत कोण परत आलं नव्हतं, क्लीव्हलँड आली. सातव्या मॅचला ८९-८९, दोन मिनिटांच्या आत वेळ उरलेला, वॉरियर्सचा इग्वोडाला एकटा रिमकडं (बास्केटच्या कड्याकडं) निघालाय, आणि मागून लेब्रॉन धावत येऊन बॉल बोर्डच्या काचेवर दाबतो. दोन्ही टीम मिळून पॉइंट, रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), असिस्ट (स्कोर करून देणारा पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) सगळ्यात पहिला लेब्रॉन, एका सीरीजमध्ये असं आधी कोणी केलेलं नव्हतं. (जिंकवणारा थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, कायरीचा होता, ते पण लिहून ठेवा.)

आणि मग टिकणं. २००३ ला शाळेतून थेट आला, ७ फेब्रुवारी २०२३ ला करीमचा ३८,३८७ पॉइंटचा रेकॉर्ड मोडला, ४०,००० च्या पुढं जाणारा पहिला, आणि २०२४ ला स्वतःच्या पोराबरोबर एका टीममध्ये एनबीएची मॅच खेळला. आमच्यातले काही जण तिशीत क्रेप बँडेज बांधून येतात.

प्र. मग करीम त्याच्या वर कसा काय? काय घेतलंय का?

फक्त चहा. मला वाटतं करीमवर लोकांनी अन्याय केलाय कारण तो फार बोलायचा नाही, पत्रकारांशी पटायचं नाही, बुटांच्या जाहिरातीत उड्या मारल्या नाहीत, आणि त्याचं सगळ्यात मोठं हत्यार बघायला कंटाळवाणं वाटतं. पण कागद घेऊन बसा. सहा एमव्हीपी, जॉर्डनच्या पाच, लेब्रॉनच्या चार. सहा चॅम्पियनशिप. पहिली १९७१ ला मिलवॉकीत, टीम सुरू होऊन तिसरं वर्ष. शेवटची १९८८ ला. फायनल्सचा एमव्हीपी १९७१ ला आणि परत १९८५ ला, म्हणजे मध्ये चौदा वर्षं, दुसऱ्या वेळी वय ३८. कॉलेजात यूसीएलएकडून तीन वर्षं खेळला, तिन्ही वर्षं चॅम्पियन, ८८ जिंकल्या २ हरल्या. तो असताना कॉलेजच्या खेळात डंकच (बॉल हातानं बास्केटमध्ये कोंबणं) बंद केला, आणि मग त्यानं स्कायहुक हा त्याचा खास शॉट आणखी घासून घेतला.

स्कायहुक म्हणजे काय ते ज्यानं मारून बघितलाय त्यालाच कळतं. रिमकडं तोंड नसतं, खांदा असतो. डावा खांदा डिफेंडरच्या छातीकडं, म्हणजे तुमचं अख्खं शरीर बॉल आणि तो यांच्या मध्ये, डाव्या पायावर उडी, उजवा हात सरळ वर पूर्ण ताणलेला आणि बॉल सोडायचा तो बोटांच्या टोकावरून, सगळ्यात उंच असताना. सात फूट दोन इंचाचा माणूस असा उभा राहिला की बॉल रिमच्या वरूनच निघतो, ब्लॉक करायला वर जायचं तर आधी करीमला ओलांडायला पाहिजे. आमच्यातला एक उंच पोरगा कितीतरी दिवस याच्या मागं लागला होता, बॉल दरवेळी बोर्डच्या पलीकडं गुलमोहरात. करीमनं तो शॉट वीस वर्षं मारला, सगळ्यांना माहिती असायचं काय येणार आहे, तरी कोणाला थांबवता आला नाही. आणि ते ३८,३८७ पॉइंट त्यानं अख्ख्या करिअरमध्ये एकच थ्री मारून केलेत. एक.

विरोधात काय आहे ते पण सांगतो. १९७५ आणि १९७६ ला त्याची टीम प्लेऑफलाच गेली नाही, शेवटच्या पाच रिंग मॅजिक आल्यानंतरच्या, आणि १९८० च्या फायनलची सहावी मॅच करीम पाय दुखावल्यामुळं घरी असताना मॅजिकनं, पहिल्या वर्षाच्या पोरानं, ४२ मारून जिंकून दिली. त्यामुळं पहिला नाही, दुसरा.

प्र. विल्टनं एका मॅचमध्ये १०० मारले, मग तो सातवा कसा?

२ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव, समोर न्यूयॉर्क, बघायला चार हजार माणसं, आणि व्हिडिओ नाहीच. हातात १०० लिहिलेला कागद धरलेला फोटो आहे तेवढाच. शेवटी शेवटी सहकारी मुद्दाम फाउल करत होते म्हणजे बॉल परत मिळेल आणि विल्टला देता येईल. त्या सीझनची सरासरी ५०.४ आणि मॅचमागं ४८.५ मिनिटं, मॅच असते ४८ मिनिटांची, ओव्हरटाइम धरून जवळजवळ एकही मिनिट बाहेर बसला नाही. असलं काही परत होणार नाही.

पण तेव्हा खेळ पळापळीचा होता, एकेक टीम मॅचला शंभराच्या वर शॉट मारायची, आज नव्वदच्या आसपास, आणि जायचे त्यातले ४२-४३ टक्के, म्हणजे चुकलेल्या शॉटांचा नुसता पाऊस, रिबाउंड मिळणार नाहीत तर काय. आणि त्याच वर्षी खेळाडूंनी मतदान करून एमव्हीपी कोणाला दिला? रसेलला. समोर उभं राहून खेळणाऱ्यांचं मत मला पटतं. रसेल आणि विल्ट प्लेऑफमध्ये आठ वेळा समोरासमोर आले, सात वेळा रसेलची टीम जिंकली. तरी विल्टची टीम बऱ्याचदा कमजोर होती हे मान्य, आणि १९६७ ला चांगली टीम मिळाल्यावर त्यानं रसेलच्या बोस्टनला हरवलंच.

प्र. जुने खेळाडू आजच्या काळात टिकले असते का? ते तर प्लंबर आणि दूधवाल्यांविरुद्ध खेळायचे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारताना लाज वाटली पाहिजे. कवठेपिरानच्या मारुती माने वस्तादांना आज मॅटवर उतरवलं असतं तर काय झालं असतं असं तालमीत कोण म्हाताऱ्याला विचारून बघा, काय उत्तर मिळतं. मातीत ज्यानं मैदान मारलं त्याला मातीतच जोखायचं, त्याच्या वेळच्या पैलवानांपेक्षा तो किती पुढं होता ते बघायचं, आणि मॅटवाल्याला मॅटवर. बास्केटबॉलला पण तेच. रसेलला आजचा डाएट, आजचे बूट, आजचा फिजिओ दिला तर तो काय करेल, आणि आजच्या पोराला कापडी बूट घालून लागोपाठच्या रात्री साध्या विमानात कोंबून पाठवला तर तो काय करेल, दोन्ही बाजूंनी विचारा. नाहीतर विचारूच नका.

प्र. नियम बदलले त्याचा फरक धरायचा का?

धरायचा, पण अर्धवट नको. जॉर्डनवाले म्हणतात तेव्हा हात लावून अडवायचे, २००४-०५ पासून ते कडक बंद केलं, आत्ता स्कोर करणं सोपं. बरोबर. पण जॉर्डनच्या चांगल्या वर्षांत झोन डिफेन्सला (माणूस न धरता जागा धरून अडवणं) परवानगी नव्हती, ती मिळाली २००१-०२ ला, म्हणजे एका बाजूला त्याला मोकळी जागा मिळायची जी लेब्रॉनला मिळत नाही. ते पण बरोबर. थ्रीची रेष एनबीएत आली १९७९-८० ला, तेव्हा टीम मॅचला तीन पण मारायच्या नाहीत, आता पस्तिसाच्या वर. ब्लॉक आणि स्टील मोजायला लागले १९७३-७४ पासून, म्हणजे रसेल आणि विल्टचे ब्लॉक कुठंच लिहिलेले नाहीत. त्यामुळं कोणी मोबाईलवर ब्लॉकची ऑल टाइम यादी दाखवली की मी मोबाईल परत देतो.

प्र. पीईआर वगैरे, म्हणजे खेळाडूचा सगळा खेळ एका आकड्यात मोजणाऱ्या हिशोबांनी निकाल नाही लागत का?

लागला असता तर तुम्ही इथं वाचत बसला नसता. ते आकडे चांगले आहेत, पण डिफेन्स नीट पकडत नाहीत, जुन्या लोकांचा अर्धा हिशोब कागदावर नाहीच, आणि कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे शेवटी बनवणाऱ्यानंच ठरवलेलं असतं. म्हणजे कसोटी आलीच परत, फक्त दशांशचिन्ह लावून.

प्र. कोबी ब्रायंट टॉप टेनमध्ये नाही? लाज नाही वाटत?

माहिती होतं हे येणार. आमच्याकडं त्याच्या आठ आणि चोवीस नंबरचे टीशर्ट सगळ्यात जास्त, त्यातले निम्मे लक्ष्मी रोडवरून आणलेले. हे बघा, कोबी मला बघायला जॉर्डनइतकाच आवडतो. २२ जानेवारी २००६ ला टोरंटोविरुद्ध ८१, शेवटच्या मॅचला ६०, पायाची शीर तुटलेली असताना उभं राहून दोन फ्री थ्रो मारून मग बाहेर गेला. पाच रिंग. पण एमव्हीपी एकच, पहिल्या तीन रिंगला फायनल्सचा एमव्हीपी तिन्ही वेळा शॅक (शकील ओनील), आणि शॉट जायचं प्रमाण साधारण ४५ टक्के. २०१० च्या सातव्या मॅचला २४ पैकी ६ गेले, त्या दिवशी त्यानं १५ रिबाउंड घेऊन भरून काढलं, ते पण सांगायला पाहिजे. मी त्याला अकरावा धरतो. अकरावा म्हणजे शिवी नाही रे मर्दांनो, हजारो खेळाडूंमध्ये अकरावा.

प्र. करी?

बारावा, आणि वर सरकतोय. २०१५-१६ ला ४०२ थ्री मारले, त्याच्या आधीचा रेकॉर्ड २८६ होता आणि तो पण त्याचाच. त्याच वर्षी एमव्हीपीला सगळीच्या सगळी मतं, असं आधी कोणाला मिळालं नव्हतं. आमच्या कोर्टवर आठवीतली पोरं येतात आणि लेअप (बास्केटजवळचा सोपा शॉट) न शिकता अर्ध्या कोर्टवरून बॉल फेकतात, ही त्याचीच कृपा.

प्र. डंकन, शॅक, हकीम, बर्ड यांच्याबद्दल दोन दोन शब्दांत सांग.

डंकन, पाच रिंग, १९९९ ते २०१४, चेहऱ्यावर रेष हलली नाही. शॅक, २००० ते २००२ तीन वर्षं पृथ्वीवर त्याला अडवणारा नव्हता, अजून थोडा व्यायाम केला असता तर पहिल्या पाचात असता. बर्ड, सलग तीन एमव्हीपी, पाठीनं घात केला. हकीम, नायजेरियातून आलेला, लहानपणी फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा म्हणून पाय असले चालायचे, १९९४ ला एमव्हीपी, सर्वोत्तम डिफेंडर आणि फायनल्सचा एमव्हीपी तिन्ही एका वर्षात. मॅजिकबद्दल दोन शब्दांत होत नाही.

प्र. निकोला योकिच कुठं बसतो?

तीन एमव्हीपी, २०२३ ची रिंग, आणि त्या प्लेऑफमध्ये एकूण पॉइंट, रिबाउंड आणि असिस्ट तिन्हीत पहिला, हे इतिहासात पहिल्यांदा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवीन खेळाडू निवडतात तेव्हा) ४१ व्या नंबरला घेतला तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. बघून वाटतं की जेवण करून आलाय आणि आता त्याच्या लाडक्या घोड्यांकडं जायचंय. अजून खेळतोय, खेळणाऱ्या माणसाला मी पक्का नंबर देत नाही, लेब्रॉन सोडून, कारण त्याची वाट बघत बसलो तर आम्हीच म्हातारे होऊ.

प्र. एनबीएनं अधिकृत यादी काढलीय ना, मग वाद कशाला?

काढलीय, अलीकडच्या दोन म्हणजे १९९६ ला ५० जणांची आणि २०२१ ला ७५ वर्षांची, तिच्यात मतं सारखी पडली म्हणून नावं ७६. दोन्हीत नंबर दिलेले नाहीत. हुशार लोक आहेत.

प्र. या सगळ्यात बायकांचं एक पण नाव कसं नाही?

बरोबर पकडलंत, स्मृती मानधना जिथं लहानाची मोठी झाली त्या गावात तरी हे विचारलं गेलं पाहिजे. लीग वेगळी म्हणून मी एका यादीत मिसळत नाही, पण डायना टॉरासी, सहा ऑलिंपिक गोल्ड, डब्ल्यूएनबीएत (अमेरिकेच्या महिला लीगमध्ये) १०,००० पॉइंटच्या पुढं गेलेली पहिली, ही माझ्या त्या यादीत पहिली. माया मूरचं नाव मात्र मी नेहमी काढतो. चार चॅम्पियनशिप, ऐन भरात असताना खेळ थांबवला आणि चुकीच्या केसमध्ये आत असलेल्या जोनाथन आयरन्सला बाहेर काढायच्या मागं लागली, काढला पण. आणखी खेळली असती तर पहिली कोण यावर मला परत विचार करावा लागला असता. आणि लुशिया हॅरिस, महिलांच्या ऑलिंपिक बास्केटबॉलचा पहिला पॉइंट १९७६ ला हिचा, पुढच्या वर्षी एनबीएच्या टीमनं ड्राफ्ट केलं होतं.

प्र. आपला भारतातला कोण?

या यादीजवळ कोण नाही, उगाच छाती फुगवण्यात अर्थ नाही. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरला घेतला, भारतात जन्मलेला पहिला, पण एनबीएची मॅच मिळाली नाही. पुरुषांची टीम ऑलिंपिकला एकदाच, १९८० ला मॉस्कोला.

प्र. मी नवीन आहे, तोंड उघडायच्या आधी काय बघू?

हायलाइट बघू नका, त्यात सगळेच देव दिसतात. अख्ख्या मॅच बघा. १९९८ ची सहावी, २०१६ ची सातवी, १९८० ची सहावी. १९९५ ची ह्यूस्टन विरुद्ध सॅन अँटोनियो सीरीज, त्या वर्षीचा एमव्हीपी डेव्हिड रॉबिन्सन होता आणि हकीमनं त्याचं काय केलं ते डोळ्यांनी बघा. करीमसाठी १९८५ ची फायनल, पहिली मॅच लाजिरवाणी हरल्यावर दुसऱ्या मॅचला म्हातारा काय खेळलाय. रसेलचं जे काळं-पांढरं मिळेल ते.

लाईव्ह फायनल्स जूनमध्ये असतात, आपल्याकडं सकाळी सहाच्या सुमाराला चालू होतात. तेव्हा पावसानं कोर्ट निसरडं झालेलं असतं, खेळ होतच नाही, म्हणून ज्याच्याकडं इन्व्हर्टर आहे त्याच्या घरी जमतो. लाईट जाणार हे धरूनच चालायचं. येताना भडंग आणायचं, आणि कोबीवाल्यांनी दोन पाकिटं, कारण ते जास्त बोलतात.